वेल्स इंग्लंडमध्येच येतं ना? आठ दिवसांच्या इंग्लंड सहलीत त्याला एक दिवस पुरेल का, आणि नेटवरून बुकिंग करताना काय बघावं?

नाही येत.

कार्डिफमध्ये अकरा वर्षं काढलीत मी. हा प्रश्न वर्षातून चारदा तरी कानावर पडतो आणि विचारणारे बहुतेक वेळा आपलेच असतात. त्यांच्या लेखी यूके म्हणजे इंग्लंड, इंग्लंड म्हणजे लंडन, आणि लंडनपलीकडे जे काही आहे ते गाडीच्या काचेतून दिसणारं हिरवं. इथे वेगळी संसद आहे, तिला सेनेद म्हणतात. वेगळी भाषा आहे, वेल्श. १५३६ च्या कायद्याने ती कोर्टकचेरीतून हाकलली, एकोणिसाव्या शतकात काही शाळांत ती बोलणाऱ्या पोराच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवायचे, आणि तरी २०२१ च्या जनगणनेत ५ लाख ३८ हजार लोकांनी ती येते म्हणून नोंदवलं. असो. तुमचा खरा प्रश्न बुकिंगचा आहे आणि ती माझी दुखरी नस आहे.

बुकिंग करताना गावाचं वेल्श नाव बघा. बाकी सगळं नंतर.

२०१८ चा ऑगस्ट. सासूसासरे मिरजेहून आमच्याकडे आले होते. माझे मोठे दीर लंडनच्या हॅरोला असतात. ते म्हणाले, सगळे मिळून समुद्रावर जाऊ. जागा मी सुचवली, पेम्ब्रोकशरमधलं न्यूपोर्ट. छोटं गाव, पाठीशी कार्न इंग्लीचा डोंगर, पुढ्यात वाळू, आणि जवळच पेंत्रे इवानचं पाच हजार वर्षांपूर्वीचं दगडी थडगं. बुकिंग भाऊजींनी अंगावर घेतलं. तो त्यांचा प्रांत. कुठल्या साइटवर किती पॉइंट साठलेत हे त्यांना झोपेतही सांगता येतं.

मी फोनवर म्हटलं, "भाऊजी, न्यूपोर्ट नावाची बरीच गावं आहेत. एक तर कार्डिफच्या शेजारीच आहे, चांगलं मोठं शहर. आपलं ते त्रेव्द्राइथ. वेल्श नाव घालून शोधा."

"ती नावं बोर्डावर शोभेला असतात गं," ते म्हणाले. "खरा पत्ता इंग्रजीतच असतो."

ह्या वाक्याला मागचा संदर्भ आहे. मी वेल्शच्या संध्याकाळच्या वर्गाला जायला लागले होते, आणि आदल्या दिवाळीत फराळाला बसलेलं असताना भाऊजी सगळ्यांदेखत म्हणाले होते, "मुलीला धड मराठी लिहिता येत नाही आणि आई वेल्श शिकतेय. ह्या लोकांकडे तरी दोन-दोन भाषांत बोर्ड लावायला पैसा कुठून येतो देव जाणे." मी चकली खात होते, ती खातच राहिले. मला उत्तर सुचायला नऊ-दहा महिने लागतात.

तीन दिवसांनी मेसेज आला, बुकिंग झालं, नदीकाठी आहे, स्टेशनपासून चालत सात मिनिटं, आणि काय स्वस्त! तिथेच मी अडायला हवं होतं. त्रेव्द्राइथला रेल्वे नाही. फिशगार्ड नाहीतर हॅवरफर्डवेस्टला उतरून पुढे बस धरावी लागते. मी नवऱ्याला विचारलं, "स्टेशन कुठलं आलं तिथे?" तो म्हणाला, "दादाने बघितलं असेल." हे वाक्य आमच्या देवघरावर कोरून ठेवायला हवं.

ठरलं असं की आम्ही पाच जण कार्डिफहून आणि भाऊजी, जाऊबाई, मुलं हॅरोहून थेट निघायचं. चार वाजता पॅरॉगवर भेटायचं. पॅरॉग म्हणजे त्रेव्द्राइथचा जुना धक्का. आम्ही वेळेत पोचलो. ओहोटी होती, लेक शिंपले वेचायला पळाली, आईंनी दशम्यांचा डबा सोडला. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून वेल्श केक आणले. केक कसले, तव्यावर भाजलेल्या जाडसर गोड टिकल्याच त्या, आत मनुका, वरून साखर. आईंना भारी आवडले. दोन संपवले. मग माझी नजर पाकिटाच्या मागच्या बारीक अक्षरांवर गेली. लार्ड. म्हणजे डुकराची चरबी. श्रावण चालू होता. मी पाकिटाची घडी करून पर्समध्ये टाकली आणि आजतागायत घरात कुणाला बोलले नाही. इथे नाव लपवून लिहितेय म्हणून सांगते. सगळ्या वेल्श केकमध्ये ती नसते, बरेच जण लोणी वापरतात, पण जुनी घरगुती पद्धत लार्डचीच. शाकाहारी असाल तर आधी वाचा, मग खा. उलट ग्लॅमॉर्गन सॉसेज हे नाव ऐकून पळू नका, त्यात चीज आणि लीक असतं, मांस नाही.

सव्वाचारला फोन वाजला. नेटवर्कची एक दांडी कशीबशी उभी होती.

"आम्ही पोचलो. पण समुद्र कुठाय? इथे नदी आहे आणि नुसता चिखल."

"चिखल?"

"हो, आणि एक अजस्र लोखंडी पूल. त्याला खाली पाळणा टांगलाय बघ, त्यात मोटारी चढवतायत."

माझ्या पोटात गोळा आला. हा पूल मला माहीत होता. अस्क नदीवर १९०६ साली उघडलेला. जहाजांना वाट राहावी म्हणून दोन्ही काठांवर उंच मनोरे, त्यांच्यावर आडवा सांगाडा, आणि त्याला तारांनी लोंबकळणारा तराफा गाड्या घेऊन ह्या काठावरून त्या काठावर सरकत जातो. जगात असे पूल आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत, आणि त्यातला एक न्यूपोर्टला आहे. दुसऱ्या न्यूपोर्टला. भाऊजी आमच्यापासून शंभराहून जास्त मैलांवर उभे होते आणि आम्हा नऊ जणांच्या खोल्याही तिथेच होत्या. मी हे सांगेपर्यंत ती एक दांडीही गेली.

गावात खोली मिळणं शक्यच नव्हतं, ऑगस्टच्या बँक हॉलिडेचा शनिवार तो. दोन ठिकाणी विचारलं, दोन्हीकडे हसून 'नाही' म्हणाले. परतीचे पावणेतीन तास कपाळी आलेच. पण मी हटून बसले, पेंत्रे इवान बघितल्याशिवाय गाडी हलणार नाही.

वीस मिनिटं मिळाली. शेताच्या कडेने पायवाट, कुंपणाला फाटक, आणि उतरत्या उन्हात ते. सोळा टनांची शिळा, पाच मीटर लांब, आणि तिने अंग टेकलंय तीन उभ्या दगडांच्या नुसत्या टोकांवर. खालून माणूस ताठ चालत जातो. अण्णा बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते, मिरजेच्या आसपासच्या कितीतरी मोऱ्या त्यांच्या नजरेखालून गेलेल्या. त्यांनी आधी चप्पल काढली. मग खाली जाऊन मान वर करून जिथे दगड दगडाला टेकतो ती जागा बराच वेळ न्याहाळली. एका टोकाशी तर तळहाताएवढीही टेक नाही. बाहेर येऊन म्हणाले, "चुना नाही, चिपा नाहीत, काही नाही. ह्याचं बिल पास कुणी केलं?" त्या सहलीत अण्णा एवढंच बोलले.

रात्री साडेदहाला आम्ही चिखलाच्या न्यूपोर्टला पोचलो. भाऊजी चिप्स खात बसले होते. पहिलं वाक्य, "ह्यांच्या नावांतच घोळ आहे." पैसे परत मिळाले नाहीत. ते स्वस्त होतं ते रद्द करता येणार नाही म्हणूनच होतं.

तर भाऊजी, घोळ इंग्रजी नावात आहे. इंग्रजीत दोन्ही न्यूपोर्ट, शिवाय इंग्लंडातली वेगळीच. वेल्शमध्ये त्या शहराचं नाव कास्नेविद, म्हणजे नवा किल्ला. त्यातलं 'नेविद' आपल्या 'नव'चंच लांबचं भावंड आहे. आणि आपलं गाव त्रेव्द्राइथ. 'त्रेव' म्हणजे गाव, 'त्राइथ' म्हणजे वाळूचा किनारा. तुम्हाला किनारा हवा होता आणि तो नावातच लिहिलेला होता. शोभेला म्हणे!

'त्राइथ'चं 'द्राइथ' कसं झालं हे मात्र समजून घ्या, नेटवर शोधताना उपयोगी पडतं. आपण ठाणे म्हणतो, पण ठाण्याला जातो. शब्दाची शेपटी बदलते. वेल्शमध्ये तोंड बदलतं. कार्डिफ म्हणजे काइर्दीद, पण कार्डिफला जायचं असेल तर ते गाइर्दीद होतं. त्यामुळे रस्त्यावर वेगळ्याच अक्षराने सुरू होणारं नाव दिसलं तर गाव चुकलं म्हणून घाबरू नका, आणि कुठल्या वेल्श पानावर गाव शोधून सापडत नसेल तर पहिलं अक्षर सोडून उरलेलं टाका. एफ असेल तिथे व म्हणा, फ हवा असतो तिथे ते दोन एफ लिहितात. स्पेलिंग मनाने करू नका, नकाशावरून किंवा गावाच्या पाटीवरून तसंच्या तसं उतरवून घ्या.

दुसरं, पोस्टकोडची पहिली दोन अक्षरं. कास्नेविदचा पोस्टकोड एनपीने सुरू होतो, त्रेव्द्राइथचा एसएने. पैसे भरायच्या आधी दोन सेकंद लागतात बघायला. पण खेड्यात एकच पोस्टकोड चार-पाच शेतघरांना मिळून असतो, तेव्हा मालकाकडून नकाशावरची खूण मागून घ्या आणि नकाशा घरीच फोनवर उतरवून ठेवा. डोंगरात नेटवर्क येईल ह्या भरवशावर निघू नका. बसचं वेळापत्रक ट्रॅव्हलाइन कम्रीवर मिळतं (कम्री म्हणजे वेल्स). रविवारचं वेगळं बघा, खेड्याकडे रविवारी बस नसल्यातच जमा. गाडी भाड्याने घेणार असाल तर सप्टेंबर २०२३ पासून इथे वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांवर ताशी २० मैलांची मर्यादा आहे, इंग्लंडच्या सवयीने हाकलीत तर दंड घरपोच येईल.

आणि भाषांतराच्या ॲपवर फार विसंबू नका. माणसंही चुकतात म्हणा. २००८ मध्ये स्वान्सीला रस्त्यावर बोर्ड लागला. वर इंग्रजीत जड वाहनांना प्रवेश नाही, आणि खाली वेल्शमध्ये 'मी सध्या कार्यालयात नाही, भाषांतराचं काम असल्यास पाठवून द्यावे'. भाषांतरकाराचं आपोआप आलेलं उत्तरच कुणीतरी छापून टाकलं होतं. एकाही डोळ्याने ते वाचलं नाही. हेसुद्धा शोभेचं नाव समजण्याचंच फळ.

एक दिवस पुरेल का? नाही पुरणार. पण एकच असेल तर पॅडिंग्टनहून गाडी धरून दोन तासांच्या आत कार्डिफ गाठा आणि किल्ला सोडून सरळ सेंट फेगन्सच्या उघड्यावरच्या संग्रहालयात जा. देशभरातली जुनी घरं, दुकानं, चॅपलं दगड न् दगड सुटा करून इथे आणून पुन्हा उभी केलीत. प्रवेश फुकट. लोखंड कामगारांची सहा घरांची चाळ आहे, प्रत्येक घर वेगळ्या काळात सजवलेलं, १८०५ पासून १९८५ पर्यंत. चौथ्या-पाचव्या दारापर्यंत आपल्याच आजीचं स्वयंपाकघर आठवायला लागतं. कारनारवन, कॉनवी हे उत्तरेतले किल्ले लंडनहून एका दिवसात करायचा वेडेपणा नको. सुंदर आहेत, पण ते पहिल्या एडवर्डने ह्याच लोकांना दाबून ठेवायला बांधलेत एवढं फोटो काढताना ध्यानात असू द्या. आणि पोविसच्या किल्ल्यात टिपू सुलतानाचा तंबू आहे. तिथे मला फोटो काढवला नाही.

दोन गोष्टी कबूल करते. मुलीच्या मराठीबद्दल भाऊजी बोलले ते खरं होतं. आता ती वाचते, पण जोडाक्षराला अडखळते आणि 'ळ' टाळते. वेल्श शाळेत सगळ्यांना सक्तीचं आहे, ते फाडफाड. ह्यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही.

दुसरी गोष्ट, वेल्श नाव टाकलं की काम झालं असंही नाही. 'ल्लान'ने सुरू होणारी तर पायलीची पन्नास गावं आहेत, आणि त्यांतली नावं सर्रास एकसारखी. हे मी भाऊजींना कधीच सांगितलं नव्हतं, ते त्यांनी स्वतःच शोधलं. मागच्या वर्षी सकाळी पावणेसातला कुटुंबाच्या ग्रुपवर त्यांचा एक स्क्रीनशॉट आला. खाली शब्द नाही, नुसते जोडलेले हात. नकाशा उत्तरेतल्या अँगलसी बेटाचा, आणि मधोमध लाल खूण केलेलं गाव, त्रेव्द्राइथ. जाऊबाईंचा हसरा चेहरा आला, पाठोपाठ माझ्या नवऱ्याचा.

मी चहा घेतला, ते गाव उघडलं आणि ग्रुपवर दोनच अक्षरं टाकली. एलएल. तिथला पोस्टकोड एलएलने सुरू होतो.