इंग्लंडला प्लंबर म्हणून यायचंय? तांब्याचा पाइप वाकवायला पुण्यातच शीक

तुझा प्रश्न असा: आयटीआयचा प्लंबर ट्रेड झालाय, पुण्यात मोठ्या साइटवर सीपीव्हीसीच्या, म्हणजे प्लास्टिकच्या पाइपची कामं करतोस, इंग्लंडला जायचा विचार आहे. तिकडे तांब्याचा पाइप वाकवता आला पाहिजे असं ऐकलंस. ते खरं का, आणि पुण्यातूनच शिकता येईल का? "दादा" म्हणून विचारलंस, म्हणून सविस्तर लिहितो.

खरं आहे. नव्या घरांत जमिनीखाली प्लास्टिकच्या पुश-फिट, म्हणजे नुसत्या दाबून जोडायच्या लाइन भरपूर टाकतात, तिथे तुझा सीपीव्हीसीचा हात कामी येईल. पण इथे इंग्लंडमध्ये बहुतेक घरं जुनी आहेत आणि त्यांच्यात तांबंच आहे. बॉयलरच्या खाली दिसणारे पाइप, रेडिएटरपर्यंतचे शेवटचे तुकडे, सिंकखालची जोडणी, हे सगळं अजूनही तांब्यात होतं. गॅसची लाइनही बहुधा तांब्याचीच असते, पण गॅस सेफ रजिस्टरवर, म्हणजे गॅसचं काम करायची परवानगी असलेल्यांच्या यादीत, नाव असल्याशिवाय तिला हात लावायचा नाही. इथला तो कायदाच आहे.

कोपऱ्यावर एल्बो, म्हणजे तयार वळणाचा जोड, लावून भागणार नाही का, असं तुला वाटेल. भागतं. पण प्रत्येक एल्बो म्हणजे दोन जॉइंट. तेही लाकडी तुळयांच्या मधे, फ्लोअरबोर्डखाली, जिथे सोल्डरसाठी बर्नरची ज्योत न्यायची म्हणजे जिवावरचं काम. पाइप वाकवला की ज्योत नाही, गळायला जॉइंट नाही, आणि पाण्यालाही एल्बोपेक्षा कमी अडथळा. मुकादमसुद्धा नव्या माणसाचं काम बघताना आधी वाकवलेले पाइप एकमेकांना समांतर आहेत का तेच बघतो.

आता माल. इथे पाइपची मापं बाहेरच्या व्यासाची: १५, २२ आणि २८ मिमी. मानक बीएस ईएन १०५७. त्यात कडकपणाचे तीन प्रकार: आर २२० म्हणजे मऊ, गुंडाळीत मिळतो, आर २५० म्हणजे हाफ-हार्ड, सरळ नळीत मिळतो आणि घरगुती कामात सगळीकडे हाच, आर २९० म्हणजे कडक, तो आहे तसा वाकवायचाच नाही. १५ मिमीच्या आर २५० पाइपची भिंत साधारण ०.७ मिमी असते. इतकी पातळ भिंत आधाराशिवाय वाकवलीस तर पाइप लगेच चपटा होतो.

तिकडे पुण्यात बहुतेक जण एसीच्या तांब्याच्या गुंडाळीवर हात साफ करतात. ती मऊ असते, अंगठ्याने वाकते, आणि आपल्याला जमलं असं उगाच वाटतं. त्यावर वेळ घालवू नकोस. हॉस्पिटलमध्ये ऑक्सिजनच्या लाइन टाकणारे ठेकेदार शोध. मेडिकल गॅसच्या कामात १५, २२, २८ मिमी हीच मापं वापरतात, आणि हात-दोन हाताचे तुकडे भंगारात जातात. भंगाराच्या भावाने मागितलेस तर देतील. भिंत थोडी जाड असेल, चालेल. पाइपवरचा छाप मात्र वाच. आर २९० निघाला तर जिथे बाक द्यायचा तेवढा भाग मंद लाल होईपर्यंत तापव आणि गार होऊ दे. कसब्यात तांबट आळीत भांडं ठोकून कडक झालं की भट्टीत घालून मऊ करतात, तेच हे. तांबं ठोकल्याने आणि वाकवल्याने कडक होतं, तापवल्याने मऊ होतं. म्हणून एकदा दिलेला बाक चुकला तर तिथेच पुन्हा पुन्हा मागे-पुढे करू नये, तडा जातो.

सुरुवात स्प्रिंगने कर. १५ मिमीच्या पाइपच्या आत जाणारी बेंडिंग स्प्रिंग घे. तिला तेलाचं बोट लाव, टोकाच्या कडीला मजबूत दोरी बांध, आणि बाकाचा मध्य स्प्रिंगच्या मध्यावर येईल अशी आत सोड. मग पाइप गुडघ्यावर ठेवून दोन्ही हातांनी ओढायचा, पण एकाच जागी जोर देऊन नाही. गुडघा बाकाच्या लांबीभर थोडा थोडा सरकवत जा, म्हणजे गोलाई सारखी येते. ९० अंश हवे असतील तर किंचित पुढे ने आणि परत माघारी आण, स्प्रिंग सैल होते. मग ज्या दिशेला पीळ घट्ट होतो त्या दिशेला ती फिरवत ओढून काढ. पाइपच्या टोकाजवळ बाक कधीच देऊ नकोस, हाताला पकड मिळत नाही. लांब तुकडा घे, आधी वाकव, मग काप, आणि कापल्यावर आत राहिलेली धारदार कड, म्हणजे बर, काढ.

२२ मिमीला मात्र गुडघा नको, हँड बेंडर लागतो. त्यात खोबणीचा अर्धगोल फॉर्मर, पाइप धरणारा हूक, आणि रोलर व पाइप यांच्या मधे सरकणारा गाइड असतो. पाइपच्या आतल्या बाजूला सुरकुत्या पडल्या तर रोलरचा दाब कमी आहे. बाकाजवळ पाइप आवळल्यासारखा, चपटा झाला तर दाब जास्त आहे. गाइडवर थोडं तेल राहू दे.

खरी मेहनत मापात आहे, दंडात नाही. समज, फॉर्मरची मधल्या रेषेवरची त्रिज्या ६० मिमी आहे. टोकापासून ३०० मिमीवर खूण केलीस आणि तिथून बाक सुरू केलास, तर वळलेल्या पायाची, म्हणजे बाकानंतरच्या सरळ भागाची, मधली रेषा ३०० वर नाही, ३६० वर येईल. शिवाय पाइप कोपरा कापून जातो, त्यामुळे दोन्ही पायांच्या मापांच्या बेरजेपेक्षा सुमारे २६ मिमी कमी पाइप लागतो. प्रत्येक बेंडरचा हिशोब थोडा वेगळा. म्हणून हातात आलेल्या बेंडरवर आधी एक चाचणीचा बाक काढ, गुण्या लावून फरक मोज, आणि तो आकडा त्याच्या दांड्यावर मार्करने लिहून ठेव. इथले जुने प्लंबरही असेच आकडे लिहून ठेवतात.

त्यानंतर सेट शीक, म्हणजे पाइप एका रेषेतून शेजारच्या रेषेत न्यायचा. ५० मिमी बाजूला जायचं असेल आणि दोन्ही बाक ४५ अंशांचे असतील, तर दोन बाकांच्या मध्यांमधलं अंतर ५० गुणिले १.४१४, म्हणजे ७१ मिमी. ३० अंशांना सरळ दुप्पट, १०० मिमी. दुसरा बाक देताना पाइप पहिल्याच्या सपाटीत आहे का हे डोळ्याने बघायचं, जरा फिरला की पाइप जमिनीवर टेकत नाही. फरशीवर खडूने आकृती काढून त्यावर पाइप ठेवून बघ. सेट जमला की दुसऱ्या पाइपवरून उडी मारणारा क्रॉसओव्हर फारसा अवघड नाही.

तुळईत खाच घ्यायचे नियमही पाठ कर, कारण आपल्याकडे स्लॅब असतो आणि ही सवयच नसते. खाच तुळईच्या खोलीच्या आठव्या भागापेक्षा जास्त नको, आणि ती टेकूपासून गाळ्याच्या, म्हणजे दोन टेकूंमधल्या अंतराच्या, ०.०७ ते ०.२५ या पट्ट्यातच घ्यायची. म्हणजे २०० मिमीच्या तुळईत २५ मिमी, २२ चा पाइप जेमतेम बसतो. पाइप धरणाऱ्या क्लिप १५ मिमीला आडव्यात १.२ मीटरवर, उभ्यात १.८ मीटरवर. पिण्याच्या पाण्याच्या लाइनवर शिशाचं सोल्डर चालत नाही.

व्हिसाबद्दल एवढंच सांगतो: नियम सारखे बदलतात, त्यामुळे प्लंबरचं काम सध्या पात्र यादीत आहे का ते ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर स्वतः वाच. स्पॉन्सर लायसन्स, म्हणजे परदेशी कामगार बोलावायचा परवाना, असलेल्या कंपन्यांची यादीही तिथे सगळ्यांना बघता येते. एजंटकडे जायचंच असेल तर त्याचं नाव भारत सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदलेलं आहे का हे आधी बघ. "यूके प्लंबिंग कोर्स"च्या नावाखाली कुणी लाखभर मागत असेल तर देऊ नकोस. तेवढ्या पैशांत स्प्रिंग, पाइप कटर आणि महिनोन्‌महिने वाकवायला पुरेल एवढं तांबं येईल. बेंडर मात्र तिकडून आणू नकोस, वजनच फार. इथे जुना चांगला मिळतो, आणि कामावर बहुधा कंपनीचा असतोच.