‘अभिषिक्ता’ला जाब विचारता येतो का?

प्रश्न : बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या १३व्या अध्यायात सर्व अधिकार देवाने नेमलेले आहेत असं म्हटलंय. मग जुलमी सत्ताधीशही देवानेच नेमलेला का? त्याला विरोध करणं पाप ठरतं का?

उत्तर : प्रेषित पौलाने हे पत्र इ.स. ५७च्या सुमारास लिहिलं तेव्हा रोमच्या गादीवर पुढे ख्रिस्ती लोकांचा छळ करणारा सम्राट नीरो होता. त्यामुळे राज्यकर्ता भलाच असेल, असं पौलाने गृहीत धरलेलं नाही. मात्र चौथ्या वचनात तो अधिकाऱ्याला देवाचा सेवक म्हणतो. सेवक म्हटला की वर धनी आला, आणि धनी हिशेब घेतो. राजवाड्याच्या गच्चीवर ‘बाबेल मी उभारली’ अशी बढाई बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्या तोंडात होती तोच त्याचं राज्य गेलं (दानीएल ४).

देवाने सत्ता मिळू दिली, म्हणजे तिचं प्रत्येक कृत्य त्याला पसंत आहे असं नव्हे. होशेय ८:४ मध्ये तो सरळ म्हणतो की यांनी राजे केले, पण मला न विचारता. देवाने मना केलेलं करण्याची सक्ती झाली, किंवा त्याने सांगितलेलं करायला बंदी आली, तर नकार द्यायचाच. शिफ्रा व पुवा या सुइणींनी इब्री मुलगे मारण्याचा मिसरच्या राजाचा, फारोचा, हुकूम मोडून ते जगवले (निर्गम १). नेता आवडत नाही किंवा कर जास्त वाटतो, ही कारणं त्यात बसत नाहीत. कायदेशीर दाद मागणं मात्र बंड नव्हे; खुद्द पौलाने कैसराकडे, म्हणजे रोमन सम्राटाकडे, दाद मागितली होती.

प्रश्न : मंडळीच्या (चर्चच्या) पैशांचा हिशेब मागितला की आमचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, ‘माझ्या अभिषिक्तांना (देवाने निवडून नेमलेल्यांना) हात लावू नका’ हे वचन ऐकवतात. आम्ही गप्प बसावं का?

उत्तर : मुळीच नाही. हे स्तोत्र १०५चं १५वं वचन आहे. त्याच्या आधीची तीन वचनं वाचा. अभिषिक्त म्हणजे तिथे परमुलखात भटकणारी, संख्येने थोडकी अशी अब्राहामाच्या घराण्यातली माणसं, आणि तंबी दिलीय ती राजांना. दुबळ्यांच्या रक्षणासाठीचं वचन सत्तेची ढाल म्हणून वापरलं जातंय, आणि दुर्दैवाने बऱ्याच ठिकाणी ते खपतं.

दावीदाचा दाखलाही असाच अर्धवट दिला जातो. त्याच्या जिवावर उठलेला राजा शौल गुहेत हाती लागला, तरी त्याने त्याचा जीव घेतला नाही, हे खरं. पण शौलाच्या झग्याचा कापलेला काठ हातात धरून, सैन्यादेखत, त्याने राजाला जाब विचारलाच (१ शमुवेल २४). पुढे तो स्वतः राजा असताना नाथान संदेष्ट्याने त्याचं पाप तोंडावर सांगितलं, तेव्हा त्याने अभिषेकाची आठवण करून दिली नाही. पाप कबूल केलं.

हिशेबाचं म्हणाल तर २ करिंथ ८:२०-२१ पुरेसं आहे. वर्गणीवरून कुणी बोट दाखवू नये म्हणून पौल ती एकट्याच्या हाती ठेवत नाही.

आधी पाळकांना एकांतात, पण लेखी विचारा : किती जमा झाले, कशावर खर्च झाले, पावत्या कुठे आहेत, सह्या कोणाच्या? उत्तर आलं नाही तर एकदोघांना सोबत घेऊन जा, मग वडीलमंडळापुढे (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडिलांपुढे) विषय ठेवा (मत्तय १८:१५-१७). बिघडतं ते इथेच. लोक पहिली पायरी गाळून थेट व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आरोप टाकतात आणि मूळ प्रश्न भांडणात बुडतो. दोन-तीन साक्षीदारांशिवाय मंडळीच्या वडिलांवरचा आरोप ऐकूच नये, असं १ तीमथ्य ५:१९ सांगतं. पण दोष सिद्ध झाला तर पुढचंच वचन सर्वांदेखत कानउघाडणी करायला लावतं.

अत्याचार किंवा अफरातफर असेल तर ‘मंडळीतच मिटवू’ चालणार नाही. पोलिसांकडे जा, वाईट करणाऱ्याला शिक्षा देण्याचं काम रोम १३:४ शासनाकडेच देतं. पीडित व्यक्तीला तर अत्याचार करणाऱ्याशी एकांतात बोलायला कधीच पाठवू नका.

प्रश्न : न पटणाऱ्या नेत्यासाठी प्रार्थना कशी करावी?

उत्तर : त्याला सुबुद्धी, न्यायबुद्धी मिळावी म्हणून करा (१ तीमथ्य २:१-२). त्याचा वाईट बेत फसावा अशी प्रार्थनाही चालते. बंडखोर मुलगा अबशालोमाला जाऊन मिळालेला सल्लागार अहीथोफेल याचा सल्ला फोल ठरो, अशी दावीदाने केली होती, आणि लगेच आपला मित्र हूशय याला तो सल्ला मोडून काढायला यरुशलेमेत परत पाठवलं होतं (२ शमुवेल १५).