लेखनातच बँड का अडतो?

"बाकी तिन्ही विभागांत सात-साडेसात बँड मिळतात, लेखन मात्र सहाच्या पुढे सरकत नाही. माझे इंग्रजी कच्चे आहे का?" आयईएलटीएस या इंग्रजी भाषेच्या परीक्षेची (तिच्या गुणांना बँड म्हणतात) तयारी करणाऱ्यांकडून हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की, समोरची व्यक्ती कुठे येऊन थांबणार हे मला आधीच कळते. ज्यांचे इंग्रजी खरोखर कच्चे असते, त्यांना मी सरळ भाषेच्या शिक्षकांकडे पाठवते. उरलेल्यांची अडचण वेगळी असते आणि ती मला एका परिचारिकेमुळे नीट उमगली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

त्या दोनदा परीक्षा देऊन आल्या होत्या आणि दोन्ही वेळा लेखनात सहाच बँड मिळाले होते. पहिल्याच भेटीत त्यांनी सरावाची वही पुढे ठेवली. सार्वजनिक वाहतूक सर्वांसाठी मोफत असावी, या मताशी तुम्ही कितपत सहमत आहात, असा निबंधाचा प्रश्न होता. पहिले वाक्य पाच वेळा लिहून पाच वेळा खोडलेले होते. एका जागी तर कागद फाटला होता. त्याखाली बस आणि रेल्वेचे फायदे सांगणारे सफाईदार इंग्रजीतले दीड पान होते, पण लिहिणारी सहमत आहे की नाही, याचा त्यात कुठेच पत्ता नव्हता. शेवटचा परिच्छेद अर्ध्यावर तुटला होता.

"पहिले वाक्य एवढ्यांदा का खोडलेत?"

"आर्टिकल, म्हणजे 'अ' की 'द', चुकले असे वाटत राहिले, मॅडम. सुरुवातीलाच चूक दिसली, की तपासणाऱ्याचे मत तिथेच बनणार."

मी त्यांना गुणांकनाचे निकष वाचायला दिले. प्रश्नाला दिलेले उत्तर, मांडणीतील सुसंगती, शब्दसंपत्ती आणि व्याकरण या चारही निकषांना सारखेच वजन असते. म्हणजे ज्या व्याकरणापायी त्या रडकुंडीला येत होत्या, त्याचा वाटा फक्त २५ टक्के. शिवाय सात बँडच्या वर्णनातच थोड्या चुका राहू शकतात, असे म्हटलेले आहे.

"म्हणजे चुका चालतात?"

"त्या होणार, हे धरूनच चालतात."

त्यांना ते पटले, पण पुढच्या आठवड्यातल्या वहीतही खाडाखोड तेवढीच होती. माहितीने भीती जात नाही, हे मी पूर्वीपासून मानत आले आहे. चुका कमी व्हाव्यात ही इच्छा माणसाला अभ्यासाला बसवते. एकही चूक होता कामा नये, हा स्वतःवर लादलेला हट्ट त्याच माणसाचा हात धरून ठेवतो. हा हट्ट सोडा, असे सांगून तो सुटत नसतो. तो जिथे मुळातच नाही, अशी जागा त्या माणसाच्या रोजच्या जगण्यात शोधावी लागते. ती सापडायला मला चौथी भेट उजाडली, हे कबूल करते. प्रश्न मात्र अगदी नेमका सुचला.

"ड्यूटी संपताना पुढच्या परिचारिकेसाठी तुम्ही इंग्रजीत नोंद लिहिता ना? तिच्यात किती वेळा खोडता?"

त्या हसल्या. "तिथे खोडायला वेळ कुणाला आहे?"

"आणि आर्टिकल?"

"तिला रुग्णाचे काय झाले, ते कळायला हवे असते. आर्टिकल कोण बघतो?"

"पहिल्या ओळीत काय लिहिता?"

"सर्वांत महत्त्वाचे असते ते." एवढे बोलून त्या गप्प झाल्या. मीही काही बोलले नाही. थोड्या वेळाने त्यांनी वही ओढून घेतली आणि वाहतूक मोफत नसावी, स्वस्त आणि वेळेवर असावी, अशा अर्थाचे वाक्य एकही शब्द न खोडता लिहिले. त्यात आर्टिकल चुकले होते. त्यांच्या ते लक्षात आले, आणि तरीही त्यांनी दुसरे वाक्य सुरू केले.

पुढचे काम सोपे होते. एकूण वेळ ६० मिनिटे. पहिला भाग आलेखाचा, किमान १५० शब्दांचा, दुसरा निबंधाचा, किमान २५० शब्दांचा, आणि दुसऱ्याचे वजन पहिल्याच्या दुप्पट. त्या पहिल्या भागातच ३५ मिनिटे घालवत होत्या. क्रमाचे बंधन नसल्यामुळे आम्ही निबंध आधी घेतला: पाच मिनिटांत भूमिका ठरवायची, ती पहिल्या परिच्छेदात सांगायची, एका परिच्छेदात एकच मुद्दा उदाहरणासह मांडायचा आणि दुरुस्तीला हात लावायचा तो शेवटच्या चार मिनिटांत. 'आजच्या धावत्या जगात' छापाची पाठ केलेली सुरुवात मी बंद करायला लावली, कारण ती कोणत्याही प्रश्नाला चिकटते आणि तपासणाऱ्याला ते लगेच कळते. आलेखाच्या प्रश्नात प्रत्येक आकडा उतरवण्याची त्यांची सवय तर मला एका वाक्यात मोडता आली: नोंदीत तुम्ही दर तासाचे तापमान सांगता, की ताप चढतो आहे हे सांगता?

तिसऱ्या प्रयत्नात त्यांना लेखनात सात बँड मिळाले.

त्यानंतर एक इंजिनिअर नेमकी हीच तक्रार घेऊन आले. रोज इंग्रजीत कोणासाठी लिहिता, हे मी त्यांना पहिल्याच भेटीत विचारले. "कोणासाठीच नाही," ते म्हणाले. तेव्हा त्यांच्यासाठी आधी वाचक शोधावा लागला. आता ते दूर राहणाऱ्या बहिणीला रोज साठ-सत्तर शब्द इंग्रजीत लिहितात, आणि तिला एकच काम दिले आहे: चुका दाखवायच्या नाहीत, जे समजले नाही तेवढे विचारायचे.