पेंटेकॉस्ट येतो आणि जातो, विश्वासातला आवेश पुन्हा कसा पेटेल?

सलाम. तुम्ही लिहिलंय की पेंटेकॉस्टच्या, म्हणजे येशूच्या शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या सणाच्या रविवारी तुमच्या मंडळीत वेदीवर लाल वस्त्र असतं, बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा अध्याय 2 वाचला जातो, पाळकसाहेब कळकळीनं बोलतात, आणि सोमवारपासून सगळं पुन्हा थंड. प्रार्थना कोरडी वाटते, येशूबद्दल कुणाशी बोलायचं म्हटलं की जीभ अडते.

या कोरडेपणात मी चार-पाच वर्षं काढली आहेत, म्हणून उत्तर द्यायला बसले. मी रोज आवेश मागत होते. तो आला की साक्ष देईन, असं मनाशी धरून बसले होते. हा क्रमच उलटा होता, आणि ते मला कळलं केडगावच्या मुलींची हकीकत वाचल्यावर.

पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन दौंडजवळच्या केडगावात. दुष्काळातून वाचवून आणलेल्या, विधवा, टाकलेल्या अशा शेकडो मुली-बायका तिथं राहत. 1904 साली ब्रिटनमधल्या वेल्समध्ये मोठं संजीवन, म्हणजे विश्वासाची नवी जागृती झाली, त्याची बातमी इथवर पोचली होती. 1905 च्या जानेवारीत रमाबाईंनी रोजच्या खास प्रार्थनेसाठी हाक दिली. सुरुवातीला 70 जणी आल्या, पुढे हा आकडा पाचशेच्या वर गेला. मग रमाबाईंनी आणखी एक गोष्ट विचारली, आणि माझ्या मते सगळं इथंच आहे. शिकणं बाजूला ठेवून आसपासच्या गावांत सुवार्ता सांगायला कोण जाईल? 30 मुलींनी नावं दिली. त्या रोज जमून प्रार्थना करू लागल्या ती याच कामासाठी. आम्ही जाणार आहोत, आमच्यात बळ नाही, ते तू दे.

29 जूनच्या पहाटे त्यांच्यातल्या एकीला पवित्र आत्म्याचा स्पर्श झाला. तिच्याजवळच्या बाईला ती मुलगी पेटलेलीच दिसली, बाई पाण्याची बादली आणायला धावली आणि ओतणार तोच लक्षात आलं की आग लागलेली नाही. मिनी अब्रॅम्स या अमेरिकन मिशनरी तेव्हा तिथं काम करत होत्या, त्यांनीच हे लिहून ठेवलंय. दुसऱ्या दिवशी रमाबाई योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय शिकवत असताना मुली मोठ्यानं रडत प्रार्थना करू लागल्या आणि रमाबाईंना शिकवणं थांबवावं लागलं. पापांची कबुली, रडणं, आणि मग आनंद, असं दिवसेंदिवस चाललं. त्यानंतर प्रार्थना करणाऱ्या मुलींच्या टोळ्या बाहेर पडल्या.

आणि तारीख बघा. त्या वर्षी पेंटेकॉस्टचा रविवार 11 जूनला होऊन गेला होता. सण उलटून अठरा दिवस झाले होते! तेव्हा यंदाच्या रविवारी काही जाणवलं नाही म्हणून खचू नका.

ही आग कुठवर गेली तेही सांगते, कारण हे वाचताना माझे डोळे भरून येतात. अब्रॅम्सबाईंनी या अनुभवावर एक छोटं पुस्तक लिहिलं. ते चिलीतल्या वाल्पाराइसो शहरातल्या हूवर नावाच्या मेथडिस्ट पाळकांच्या हाती पडलं. त्यांच्या पत्नी आणि अब्रॅम्सबाई शिकागोत एकत्र शिकलेल्या. 1909 मध्ये तिथं संजीवन झालं, आणि चिलीतली पेंटेकॉस्टल मंडळी त्यातून उभी राहिली. दुष्काळानं टाकून दिलेल्या मराठी पोरींच्या प्रार्थनेतून.

आता पवित्र शास्त्र उघडून बघा, तिथंही हाच क्रम. 'तुम्ही माझे साक्षी व्हाल' हे काम 'कृत्ये'च्या पहिल्या अध्यायात आधी सांगितलं जातं. मग सुमारे 120 शिष्य एकत्र थांबतात, आणि आत्मा दुसऱ्या अध्यायात येतो. पन्नासएक दिवसांपूर्वी त्यांच्यातल्याच पेत्र नावाच्या शिष्यानं कोळशाच्या विस्तवापाशी शेकत उभं राहून, एका दासीच्या प्रश्नाला घाबरून, प्रभूला नाकारलं होतं. आता तोच उभा राहून बोलला आणि तीन हजार माणसं मिळाली. चौथ्या अध्यायात अधिकाऱ्यांनी धमकावल्यावर तीच माणसं पुन्हा जमतात, धैर्य मागतात, आणि पुन्हा भरली जातात. पुन्हा! म्हणजे एकदा पेटलेल्यांनाही परत मागावं लागलं. तुमच्यातली ऊब कमी झाली म्हणजे विश्वास खोटा होता, असं अजिबात नाही.

अडलेल्या जिभेबद्दल. पेंटेकॉस्टला पार्थी, मेदी, एलामी अशा वेगवेगळ्या देशांच्या लोकांनी देवाची महत्कृत्यं आपापल्या जन्मभाषेत ऐकली. आपण मात्र शेजाऱ्याशी बोलताना उपासनेतली भाषा काढतो, 'तारण', 'नीतिमत्त्व', आणि मग समोरचाही अवघडतो, आपणही. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या ते साध्या बायकांना कळेल अशा मराठीत पवित्र शास्त्र आणण्यासाठी, आणि 1922 साली मृत्यू येईपर्यंत त्या कामात होत्या.

माझ्याबाबतीत असं झालं. समोरच्या घरातल्या वहिनींचा मुलगा आयसीयूत होता. मी डबा घेऊन गेले होते. त्या म्हणाल्या, "तुम्ही लोक प्रार्थना करता ना, माझ्या पोरासाठी करा." माझ्यात तेव्हा कसलाही आवेश नव्हता. तिथल्याच बाकड्यावर त्यांचा हात धरून, घरी बोलतो तशा मराठीत, चार वाक्यं बोलले. नंतर त्यांनी विचारलं, "तुम्ही खरंच कुणाशी तरी बोलत होता, असं वाटलं. कोण आहे तो?" मी सांगितलं. त्या संध्याकाळी घरी परतताना कित्येक वर्षांनी माझं मन गात होतं.

तर माझा सल्ला एवढाच. स्वर्गारोहणापासून पेंटेकॉस्टपर्यंतचे दहा दिवस धरा. इंग्लंडच्या चर्चच्या कँटरबरी आणि यॉर्क इथल्या आर्चबिशपांनी 2016 मध्ये या दिवसांत प्रार्थना करायची हाक दिली, त्यातली पाच माणसांची नावं घेऊन रोज प्रार्थना करायची रीत फार चांगली आहे. एकट्यानं करू नका, दोघं-तिघं मिळून करा, कुणाच्या तरी घरी कॉटेज मीटिंग, म्हणजे छोटी प्रार्थनासभा घ्या. कुणाला आमिष दाखवू नका, कुणाच्या देवाबद्दल वावगं बोलू नका, वाद जिंकायला जाऊ नका. त्या पाचांपैकी एकाकडे प्रत्यक्ष जाण्याचा दिवस मात्र आधी ठरवा, आणि प्रार्थना त्या भेटीसाठी करा.

माझ्या यादीत यंदा पहिलं नाव धाकट्या भावाचं आहे. आई गेल्यापासून तो उपासनेला येत नाही, आणि आम्ही दोघं त्यावर कधी बोललेलो नाही. मी त्याला शनिवारी जेवायला येते म्हणून कळवलंय. तुमच्या प्रार्थनेत त्याला धरा, आणि तुमची पाच नावं ठरली की मला इथं नुसतं 'ठरली' एवढं लिहा, मीही तुमच्यासाठी रोज गुडघे टेकीन.