तेवीस वेळा शांत

प्रिय मुली,
अ. उ. आ.

तुझा अनुवाद परवा रात्री वाचून संपवला. संवाद फार आवडले. पण एका ठिकाणी मी पुन्हा पुन्हा अडखळले, तेवढ्यासाठीच हे पत्र. मूळ कादंबरीत डॉक्टर ‘कंपोज्ड’ आहे, म्हाताऱ्या आजीचा चेहरा ‘सिरीन’ आहे, धाकटा भाऊ ‘नॉनशलंट’ आहे, गोठ्यातली गाय ‘प्लॅसिड’ आहे आणि समुद्र ‘काम’ (calm) आहे. तुझ्या मराठीत हे पाचही ‘शांत’ आहेत. मी पेन्सिलीनं खुणा केल्या आहेत, एकूण तेवीस.

‘शांत’ हा शब्द मलाही प्रिय आहे. पण त्याच्या पोटात ‘शम्’ धातू आहे, म्हणजे आधी काहीतरी पेटलेलं, उसळलेलं होतं आणि ते निमालं. म्हणून आपण दिवा शांत झाला म्हणतो, आणि घरातलं म्हातारं माणूस गेलं तरी ‘ते शांत झाले’ म्हणतो. त्या गाईच्या पोटात काही पेटलंच नव्हतं, मग शमणार काय? ती गरीब गाय आहे. आपल्याकडे गाईला ‘गरीब’ म्हणतात, आणि ‘प्लॅसिड’चा अर्थ त्यात अख्खा येतो.

समुद्राचं मात्र मला जास्त लागलं. ‘काम’ या इंग्रजी शब्दाचं मूळ ग्रीक भाषेत आहे, आणि तिथे त्याचा अर्थ आहे रखरखीत उष्मा. भर दुपारी ऊन असह्य होतं, माणसं-जनावरं सावलीला पडतात, पान हलत नाही. त्या थांबलेल्या दुपारीवरून शब्द लॅटिनमधून पुढे सरकत समुद्रापर्यंत आला. ब्रिटिश नौदलातल्या फ्रान्सिस ब्यूफर्टनं 1805 साली वाऱ्याचा जोर मोजायची जी मोजपट्टी आखली, तिच्यात शून्याला हेच नाव आहे. शिडाच्या जहाजाला शून्य वारा म्हणजे संकट. जहाज जागच्या जागी, आणि पिण्याचं पाणी रोज कमी होत जाणारं. चौथ्या प्रकरणात खलाशी घाबरलेले आहेत ते यामुळे. तू ‘समुद्र शांत होता’ लिहिलंस आणि त्यांची भीती वाचकाला कळेनाशी झाली. ‘वारा पडला होता’ एवढंच लिही. मराठीत वारा पडतोच.

आजीच्या चेहऱ्यासाठी वेगळा शब्द शोधावा लागेल. ‘सिरीन’ लॅटिनमध्ये आकाशाचं विशेषण होतं, ढग नसलेल्या, स्वच्छ आकाशाचं. आपल्याकडे आकाश निवळतं, पाणीही निवळतं. माझ्या आजोळी गढूळ पाण्याच्या माठात निवळीची बी उगाळून घालत. थोड्या वेळानं गाळ खाली बसायचा आणि वर नितळ पाणी राहायचं. त्या आजीनं तीन मुलं पुरली आहेत, हे विसरू नकोस. तिचा गाळ नाहीसा झालेला नाही, तो तळाशी बसला आहे. ‘निवळलेला चेहरा’ लिहून बघ. इथे मूळ शब्दापेक्षा आपला शब्द चांगला पडतो असं मला मनापासून वाटतं.

डॉक्टरबद्दल लिहिताना मला माझी आई आठवते. वडील दवाखान्यात होते त्या दुपारी ती ओट्यापाशी बसून मेथी निवडत होती. शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘किती शांत आहेत हो या!’ मी जवळ बसले होते. जुडी संपली तरी तिची बोटं देठ शोधत होती. ती शांत नव्हती, तिनं स्वतःला सावरलं होतं. ‘कंपोज्ड’चा अर्थ नेमका हाच: विस्कटू पाहणारं एकत्र आणून ठेवलेलं. पदर सावरावा तसं मन सावरलेलं. तुझा डॉक्टर बाहेर नातेवाइकांना तोंड द्यायला जातो तेव्हा तो सावरलेला आहे, आणि पुढच्या पानावर एकटाच रडतो. तू त्याला आधीच शांत करून टाकल्यामुळे ते रडणं अचानक कुठून आलं असं वाटतं.

धाकट्या भावाच्या बाबतीत मीही एके काळी चुकले होते. एका कथेत ‘नॉनशलंट’ला मी ‘निश्चिंत’ लिहिलं. संपादकांनी समासात विचारलं होतं, ‘याला चिंता नाही की हा दाखवत नाही?’ तो प्रश्न मला पुढची तीस वर्षं पुरला. फ्रेंचमधून आलेल्या या शब्दाच्या मुळाशी ऊब आहे, ‘नॉन’ म्हणजे ती नाही. कशानंही न तापणारा, किंवा तसं भासवणारा. तुझा भाऊ निकालाचा कागद न उघडता खिशात घालतो, तो निश्चिंत कसा असेल? ‘जसं काही झालंच नाही अशा थाटात’ लिही. लांब झालं तरी चालेल.

आता चिंतेविषयी, कारण ती कळली तरच तिचं नसणं लिहिता येतं. इंग्रजीतला ‘वरी’ जुन्या काळी गळा दाबणं या अर्थाचा होता. कुत्रा मेंढीची नरडी धरून तिला झिंजाडतो त्याला अजूनही हाच शब्द आहे. ‘अँग्झायटी’चं लॅटिन मूळही आवळण्याचंच. आपल्याकडे चिंता चिंतनाच्या घरातली, आणि अरबीतून आलेली फिकीर हीसुद्धा मुळात विचारच. त्यांना गळ्यात जे होतं ते आपल्याला डोक्यात होतं. म्हणून इंग्रजी पात्राची चिंता सुटते तेव्हा ‘त्याला मोकळा श्वास घेता आला’ हे कित्येकदा ‘तो चिंतामुक्त झाला’पेक्षा खरं ठरतं. आणि अगदी घरगुती प्रसंग असेल तर जीव भांड्यात पडू दे.

चिंता नसण्याचे शब्द घसरतात, हेही ध्यानात ठेव. ‘केअरलेस’ एके काळी निश्चिंतच होता, पुढे निष्काळजी झाला. ‘सिक्युअर’ म्हणजे काळजीवाचून. शेक्सपिअरच्या काळी त्याला गाफील अशीही छटा होती. जुना मजकूर हाती आला तर तिथे ‘सुरक्षित’ लिहिण्याआधी थांब. आपल्याकडे निर्धास्त आणि बिनधास्त हे दोन्ही धास्तीवाचूनचेच, पण झोप निर्धास्त लागते आणि बोलणं बिनधास्त असतं. तू पान 88 वर यांची अदलाबदल केली आहेस.

‘हॅल्सियन डेज’ला तू तळटीप दिली आहेस: खंड्या पक्षी, ग्रीक कथेतलं समुद्रावरचं घरटं, दक्षिणायन संपतानाचे चौदा बिनवाऱ्याचे दिवस. सगळं बरोबर आहे आणि कथा सुंदर आहे. तरी तळटीप काढ. तो म्हातारा आठवणीत हरवलेला असताना वाचकाला पानाच्या तळाशी पाठवू नये. ‘ते निवांत दिवस’ पुरे.

तेवीसपैकी सहा ‘शांत’ मी तसेच ठेवले आहेत, तिथे दुसरा शब्द नको. उरलेल्या सतरांची घाई करू नकोस. प्रत्येक ठिकाणी आधी त्या माणसाचे हात काय करत आहेत ते बघ आणि मग शब्द घे. चौथं प्रकरण आधी पाठव. दिवाळीनंतर मी महिनाभर पुण्यात नाही, तेव्हा त्याआधी आलं तर बरं.

तुझी,
मावशी