गाबोळी मोजून पोट भरेल का?

सातपूरच्या एका पालकांचे पत्र आहे. मुलगी टी.वाय.बी.एस्सी.ला, विषय प्राणिशास्त्र. कागदासाठी लगदा करणाऱ्या गिरण्यांच्या सांडपाण्याने माशांचे प्रजनन बिघडते असे तिने वाचले आणि आता तिला यातच काम करायचे आहे. वडील विचारतात, "गाबोळी मोजून पोट भरेल का, की सरळ बी.एड. करायला लावू?"

बी.एड. नंतरही करता येते, ती चिंता बाजूला ठेवा. मात्र फक्त या एका प्रश्नावर नाशिकमध्ये नोकरी नाही. बांबू-लाकडाचा लगदा करणारी मोठी गिरणी बघायला बल्लारपूरला जावे लागेल. तरीही तिची निवड चुकीची नाही, आणि त्याचे कारण या विषयातच आहे.

आपल्याकडच्या नियमात सांडपाण्याची मासे-चाचणी ९६ तासांची असते: पाणी न मिसळलेल्या सांडपाण्यात ९० टक्के मासे जगले की पास. पण जगलेला मासा प्रजनन करतो का, हे त्यात दिसतच नाही. कॅनडात सुपीरियर सरोवराकाठी टेरेस बे येथे लगदा गिरणीने १९८९ मध्ये सांडपाणी प्रक्रिया केंद्र सुधारले, तरीही त्या भागातल्या सकर नावाच्या माशांची लैंगिक संप्रेरके कमी आणि जननग्रंथी लहान आढळत राहिल्या. फ्लोरिडात कागद गिरणीच्या खालच्या ओढ्यात गॅम्बुसियाच्या माद्यांना नरासारखा पर (मीनपक्ष) आल्याची नोंद १९८० ची आहे. हा तोच मासा, जो आपले मलेरिया विभाग डबक्यांत सोडतात. कॅनडाच्या १९९२ च्या नियमांनी गिरण्यांना खालच्या प्रवाहातले मासे तपासणे बंधनकारक केले; शरीराच्या मानाने जननग्रंथीच्या वजनात २५ टक्के फरक दिसला की तो गंभीर धरतात.

मुलीने शिकायचे ते हे मोजमाप. ८० ग्रॅमच्या मादीत ८ ग्रॅम गाबोळी (अंड्यांनी भरलेली जननग्रंथी), तर निर्देशांक, म्हणजे शरीराच्या वजनातला तिचा टक्का, १०. इतके सोपे, आणि इथेच बहुतेक प्रकल्प फसतात. आपले कार्प पावसाळ्यात अंडी घालतात. एका ठिकाणचे मासे जूनमध्ये आणि दुसऱ्या ठिकाणचे सप्टेंबरमध्ये धरले, तर दिसतो तो ऋतूचा फरक, सांडपाण्याचा नव्हे. दोन्ही ठिकाणी एकाच आठवड्यात, एकाच जातीचे, नर-मादी प्रत्येकी किमान २० मासे हवेत. गंगापूर धरणातले मासे आणि शहराखालच्या गोदावरीतले मासे ही तुलनाही नको. साचलेले पाणी आणि वाहते पाणी हा फरकच निकाल खाऊन टाकेल. नांदूर मध्यमेश्वर हे अभयारण्य आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथे जाळे टाकू नये.

नुसत्या गाबोळीवरही निष्कर्ष काढू नये. यकृत आणि शरीराचे वजन सोबत नोंदवावे. उपासमारीत सगळेच घटते, जास्त खाद्य मिळाले की सगळेच वाढते. पण मासा गुबगुबीत, यकृत मोठे आणि जननग्रंथी लहान अशी जोडी दिसली, तर संशय संप्रेरकांवर जातो. लगदा गिरण्यांखाली नेमकी हीच जोडी वारंवार सापडली आहे. निर्देशांकाच्या सरासऱ्यांची तुलना करण्यापेक्षा जननग्रंथीचे वजन शरीराच्या वजनाशी लावून ॲनकोव्हा (संख्याशास्त्रीय चाचणी) करावा. लहान-मोठ्या माशांचा घोळ त्याने टळतो. सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे ऊतक बुइनच्या द्रावणात (ऊतक टिकवणारे द्रावण) साधारण २४ तास ठेवावे. जास्त राहिले तर पिवळ्या बलकाची अंडी ठिसूळ होऊन मायक्रोटोमवर (ऊतकाचे पातळ काप करणारे यंत्र) चुरा होतो. त्यातले पिक्रिक आम्ल वाळले तर स्फोटक असते, म्हणून बाटलीच्या तोंडाशी खडे जमू देऊ नयेत.

पोटाचे म्हणाल तर पहिला पगार बहुधा बी.ओ.डी., सी.ओ.डी. (सांडपाण्याची प्राणवायूची गरज मोजणाऱ्या चाचण्या) करणाऱ्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून किंवा सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून येईल. सातपूर-अंबडमध्ये हे काम आहे आणि ते कमी लेखू नका. एम.एस्सी. प्राणिशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्र करताना नेट किंवा गेटची तयारी ठेवावी. पुढे संशोधनासाठी नागपूरचे नीरी (पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था), लखनौची भारतीय विषविज्ञान संस्था, सहारनपूरची लगदा व कागद संशोधन संस्था ही ठिकाणे बघावीत. मुंबईच्या मत्स्य शिक्षण संस्थेचे नाव तिच्या यादीत असेलच, पण मत्स्यविज्ञानाच्या पदव्युत्तर प्रवेशाला बहुतेक ठिकाणी बी.एफ.एस्सी. (मत्स्यविज्ञानाची पदवी) लागते, अर्ज भरण्याआधी पात्रतेची अट वाचून घ्या.

एम.एस्सी.चे कॉलेज ठरवताना विभागात जाऊन दोन गोष्टी विचारा: मायक्रोटोम चालू आहे का, आणि प्राण्यांवरील प्रयोगांसाठी नैतिकता समिती आहे का.