सेमिनारला जायलास तर वहिनीला सोबत घे
अरे भाऊ, पैशाच्या सेमिनारला पहिल्यांदाच जायलास म्हणून सांगतो, एकटा जाऊ नको, वहिनीला घे, जमलं तर आईलाबी. मी लातूरला एकटाच गेलतो, एसी हॉल, चहा-समोसा फुकट, अन् बाहेरच्या टेबलावर एका पोरानं गोड बोलून पॉलिसीवर सही घेतली, सोयाबीनचे पैसे नुकतेच मोंढ्यातून आलेले, आता हप्ता दरवर्षी भरायचा पण पाऊस काय दरवर्षी सारखा पडतो का! बायको असती तर तिथंच हात धरला असता. नव्या पॉलिसीला 30 दिवसांचा फ्री लूक असतो, तेवढ्यात परत करता येती, हे कळेपर्यंत माझे दिवस निघून गेलते.

तर त्या दिवशी सही नाही म्हणजे नाही, चेकबुक घरीच ठेव. बोलणाऱ्याला सेबीचा, म्हणजे शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा, रजिस्ट्रेशन नंबर विचार, सल्लागार असेल तर तो 'INA' ह्या अक्षरांनी सुरू होतो, अन् एआरएन (ARN) नंबर सांगितला तर तो म्युच्युअल फंड विकणारा, कमिशनवाला. वाईट नाही तसं, पण आपल्याला माहिती पाहिजे ना. गॅरंटीनं डबल म्हणला की उठायचं सरळ. पोरगी दहा वर्षांच्या आत हाय तर सुकन्या समृद्धीचं, पोरींच्या सरकारी बचत योजनेचं, विचार. आईला मधीच डुलकी लागली तर लागू दे, जेवताना "ह्यात त्याला काय मिळतंय रे?" हे तीच विचारती.